सोळा पोरींची भाऊबंदकी

बेघर पोरींची आयुष्यं मार्गी लावायला मी धुळ्याला गेले, तेव्हा मला साधा घासलेटचा स्टोव्ह पेटवता येत नव्हता. वय बावीस, खांद्याला शबनम, डोळ्यांवर चेहऱ्यापेक्षा मोठा चष्मा. पिशवीत दोनशे पानी वही होती आणि तिच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत, दोनदा अधोरेखित करून, ‘कार्ययोजना’ असं लिहिलेलं होतं. खाली बारा कलमं. त्यातलं सातवं कलम होतं, ‘मुलींना त्यांच्या कुटुंबात परत पोचवणे.’ या सातव्या कलमाने पुढे माझं नाक कापलं, म्हणून हे प्रकरण त्याचंच. ती वही आता सापडत नाही, ही देवाची कृपा. नात हे सगळं मोबाइलवर टाइप करते आहे, मधेच थांबून म्हणते, “आजी, तू स्वतःलाच किती शिव्या देतेस गं.” म्हटलं, दुसऱ्या कोणाला द्याव्यात तर ते उलट बोलतात. ही बावीस वर्षांची बया गप्प ऐकून घेते.

संस्थेचं घर म्हणजे पांझरेच्या काठाजवळचं सरकीच्या तेलाचं जुनं गोदाम. अध्यक्ष नाना कापसाचे व्यापारी, माणूस भला पण भित्रा. त्यांनीच ते देऊ केलेलं. आत फळ्यांच्या भिंती घालून तीन खोल्या पाडलेल्या, मागे स्वयंपाकघर आणि हौद. हवा दमट झाली की भिंतींमधून सरकीचा तेलकट वास सुटायचा, तो गाद्यांना, केसांना, वह्यांना लागायचा. मी रविवारी अमळनेरजवळच्या आमच्या गावी गेले की आई दारातच म्हणायची, “आली तेलाची घाणी.” पोरी सोळा. पंधरा ते वीस वयाच्या. कोणी एसटी स्टँडवर सापडलेली, कोणी जळगावच्या फलाटावर, कोणी मार्केटच्या मागे भाजीच्या रिकाम्या करंड्यांत झोपणारी. सकाळी सहाला शिलाईची पाच यंत्रं एकदम सुरू व्हायची आणि त्या खडखडाटावरून पोरी एकमेकींना हाका मारत, भांडत, गाणी म्हणत. शांतता अशी त्या घरात कधी नव्हतीच. मी मात्र पहिल्याच आठवड्यात ‘शांतता राखा’ अशी पुठ्ठ्याची पाटी लावली. दुसऱ्या दिवशी त्या पुठ्ठ्याने अक्का चुलीला वारा घालत होती.

अक्का म्हणजे आमची स्वयंपाकीण, आणि खरं सांगायचं तर संस्थेची मालकीण. नऊवारीचा काचा मारून दिवसाला शंभरावर भाकरी थापायची. कळण्याची भाकरी, वर हिरव्या मिरच्यांचा खर्डा, गुरुवारी कढी आणि डाळीचे वाफवलेले फुनके, महिन्यातून एकदा शेवभाजी. शेवभाजीच्या दिवशी सोळाच्या सोळा पोरी आजारपण विसरायच्या. पोरींची एक सवय मला फार खटकायची. जेवताना प्रत्येकजण अर्धी भाकरी परकराच्या ओच्यात दडवायची आणि रात्रीसाठी गादीखाली ठेवायची. चपला तर उशाखाली घेऊनच झोपायच्या. मुंग्या व्हायच्या, उंदीर यायचे. मी स्वच्छतेवर पाऊण तास भाषण दिलं, फळ्यावर जंतूचं चित्रसुद्धा काढलं. ते चित्र बघून शबाना नावाची पोरगी म्हणाली, “ताई, ये तो पपई है.” अक्काने भाषण वगैरे काही केलं नाही. खिडकीशी एक मोठा डबा ठेवला, त्यात कायम दहा-बारा भाकरी. कुलूप नाही, झाकणसुद्धा सैल. महिनाभरात गाद्यांखालच्या भाकऱ्या आपोआप थांबल्या. मला म्हणाली, “तुम्ही बठ्ठं शिकी वन्यात ताई, भूक तेवढी राही गई.” सगळं शिकून आलात, भूक तेवढी राहिली. मी हे वाक्य वहीत उतरवलं नाही. अपमान झाल्यासारखं वाटलं होतं.

गुंफा या सगळ्यांत सतरा-साडेसतराची. सावद्याकडची. आई-बाप लहानपणीच गेले, मग काकाच्या घरी राहिली, केळीच्या वखारीत घडांना पाला गुंडाळत. पंधराव्या वर्षी एका दुपारी वखारीतून निघून ती केळीच्या ट्रकबरोबर जळगावला आली, ती परत गेलीच नाही. वर्षभर फलाटावर काढलं. आमच्याकडे आल्यावर शिलाईत एवढी पटाईत झाली की बाजारातले शिंपी तिला काज-बटणांचं काम पाठवायचे. बोलायची कमी. मी तिला काकाबद्दल विचारलं की दोरा दाताने तोडून म्हणायची, “हाय तठी.” आहे तिकडे. एवढंच. मी वहीत लिहिलं, ‘गुंफा : कुटुंबाविषयी मनात दडलेली ओढ.’ दडलेली ओढ! आज ते आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली जाळ काढावासा वाटतो.

झालं असं, की सातवं कलम माझ्या डोक्यात बसलेलं. संध्याकाळी पोरी काम आवरायच्या तेव्हा मी कोपऱ्यात बसून पोस्टकार्डं लिहायची. सरपंचांना, शाळेच्या हेडमास्तरांना, कोणाच्या मामाला, कोणाच्या मावशीला. ‘आपली मुलगी सुखरूप असून आपली वाट पाहत आहे.’ वाट कोण पाहत होतं ते मी कोणालाच विचारलं नव्हतं. बहुतेक पत्रांना उत्तर आलंच नाही. गुंफाच्या काकाचं मात्र आलं. श्रावणात कानबाई उठल्यावर, म्हणजे तो सण आटोपल्यावर, मंगळवारी, तो पोरीला न्यायला येणार होता. तिच्यासाठी स्थळही बघून ठेवलं होतं, दोन ट्रकांचा मालक, बिजवर, पहिलीची तीन मुलं. मी ते पत्र आनंदाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर टाळ्या वाजवल्या. मी एकटीनेच. शिलाईची यंत्रं थांबली होती. गुंफाने सुईत दोरा ओवला, पुन्हा काढला, पुन्हा ओवला. अक्काने भाकरी तव्यावर करपू दिली, जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर गुंफा मला म्हणाली, “ताई, मी नाही जात.” मी तिला समजावलं. कुटुंब म्हणजे काय, आधार म्हणजे काय, काका पित्यासमान. ती कपडे आपटत राहिली. मी नानांकडे गेले तर नाना म्हणाले, “हे बघा, ज्यांना कोणी नाही त्यांना आपण ठेवतो. हिला सख्खा काका आहे. अजून सज्ञान नाही. घरचं माणूस न्यायला आलं तर आपण कोण अडवणार? उगीच गावात नाव नको.” नाना चुकीचं बोलत आहेत, हे तोवर माझ्या पोटाला कळायला लागलं होतं, पण डोकं अजून सातव्या कलमावर होतं. आणि दोन दिवसांवर कानबाई आली, म्हणून मी गावी निघून गेले. पळून गेले म्हणा हवं तर.

आता खानदेशाबाहेरच्यांना हे सांगायला हवं. श्रावणात, नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, लुगडं, दागिने. रात्रभर फुगड्या आणि गाणी, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. तिच्या नैवेद्याला ‘रोट’ म्हणतात, म्हणजे पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, गिलक्याची भजी. आणि त्या रोटाचा एक कडक नियम असतो. तो फक्त भाऊबंदकीत खायचा. एका कुळीची माणसं मुंबई-सुरतेहून त्यासाठी गोळा होतात. जावयाला नाही, शेजाऱ्याला नाही, दारावर आलेल्यालाही नाही. उरला तर जमिनीत पुरतील, पण परक्याच्या ताटात वाढणार नाहीत. ज्याने रोट खाल्ला तो आपला, आणि जो आपला नाही त्याने तो खाल्ला तर कानबाई कोपते. दोन्ही घरांवर.

आमच्या भाऊबंदकीत सगळ्यांत थोरले माझे आजोबा, आबा. चार भावांचं खटलं, पन्नासेक माणसं, आणि आबांनी खोकलं तरी सगळी गप्प. त्या सोमवारी बायामाणसं कानबाई घेऊन नदीवर गेली आणि मी घरात राहिले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांचं मोठं टोपलं सुती फडक्याखाली झाकलेलं. तुपाचा, वेलदोड्याचा, खापरावर भाजलेल्या कणकेचा वास. आणि मला साक्षात्कार झाला. रूढी मोडली पाहिजे! वर्षानुवर्षांच्या भिंती पाडल्या पाहिजेत! मी टोपलं फडक्यासकट उचललं, मागच्या दाराने निघाले आणि दुपारची धुळ्याची एसटी पकडली. एसटीत टोपलं मांडीवर घेऊन मी भाषण तयार करत होते. एका पोरीला मी स्वतःच्या हाताने खड्ड्यात ढकललंय याची टोचणी कुठेतरी होती, ती झाकायला हे पुरण. आज सरळ सांगते, ती समाजसुधारणा नव्हती. लाच होती.

पोरी टोपल्याभोवती गोळा झाल्या. मी भाषण केलं, त्यात आबा आणि त्यांच्या कुळीचा नियमही आला. भाषण संपलं तरी एकही हात पुढे येईना. त्यातल्या दहा-अकरा तरी खानदेशातल्या, नियम सगळ्यांना माहीत. अक्का तर दोन पावलं मागे सरकली. “ताई, हाऊ तुमना घरना रोट शे. आम्हनी खावा नही.” शबाना म्हणाली, “हमको तो मना नहीं है ना? हमारे यहाँ कानबाई बैठतीच नहीं.” तरी तीही टोपल्याकडे बघत राहिली. तेवढ्यात गुंफा मशीनवरून उठली, हात धुऊन आली. टोपल्यासमोर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, “ताई, तुमची कुळी कोनती?”

मी तिला सांगितलं, की माझा कुळीबिळीवर विश्वास नाही.

“तुमचा नसंल. आबाचा हाय ना?”

“आबांचा आहे. फार.”

“मंग झालं,” ती म्हणाली. तिने पोळी घेतली, चार घड्या केल्या आणि खाल्ली. सावकाश. मग दुसरी. तिसरी तिला जात नव्हती, तरी खाल्ली. मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, “बसा वं. एकटी खाल्ली तं चोरी व्हईन. सोळा खाल्ल्या तं पंगत.” आणि त्या बसल्या. अक्का भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण तिनेही शेवटी अर्धी पोळी पदरात घेतली. मी कोपऱ्यात उभी राहून धन्य होत होते. माझ्या भाषणाने क्रांती झाली, असं मला वाटत होतं. वहीत तसं लिहिलंही.

मंगळवारी सकाळी नऊला काका आला. पांढरं धोतर, टोपी, सोबत एक मेहुणा. नाना आधीच येऊन खुर्चीत बसलेले. चहा झाला. काकाने गुंफाकडे बघून सांगितलं, “बोचकं बांध. साडेदहाची गाडी हाय.” माझ्या तोंडून कसाबसा शब्द निघाला, “तिची यायची इच्छा नाही.” काका हसला. “माह्या भावाची पोर. तिची इच्छा इचारून तिले नेऊ? आन् तुम्हीच तं कारड टाकलं.” नाना चहाच्या बशीत बघत होते. आणि नेमकं त्याच क्षणी दारात काठी आपटली. आबा! टोपलं नाहीसं झाल्याचं घरी कळलं होतं, कुठे गेलं तेही कळलं होतं आणि पहिल्या गाडीने आबा स्वतः आले होते. मला बघताच ओरडले, “बेबी! रोट कथा शे?” कुठे आहे रोट.

मी म्हटलं, “खाल्ला.”

“कोनी?”

मी हात फिरवून सगळं गोदाम दाखवलं.

आबांचं तोंड उघडं राहिलं. ते खाली बसायला काहीतरी शोधत होते, तोवर गुंफा पुढे आली आणि काकाला म्हणाली, “काका, म्या ताईच्या घरचा रोट खाल्ला. तीन पोया. आता मले तुमच्या घरात घेतलं तं तुमची कानबाई कोपंल. पाहा बुवा.”

काका पांढराफटक पडला. मेहुण्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. आणि मग काका, माणूस घाबरला की करतो तसं, चिडला. “हे कोनतं बेशरम घर हाय वं? फलाटावरच्या पोरींले रोट वाटनारं! त्याइची कानबाई हाय का धर्मशाळा?”

तो एवढं बोलला नसता तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही करते. कारण आबा मला झोडपायला आले होते. पोरींबद्दल त्यांच्या मनात दया नव्हती, माया नव्हती, काही नव्हतं. पण त्यांच्या कुळीला कोणी परगावच्या माणसाने बेशरम म्हटलं होतं, आणि तेही चारचौघांत. आबा काठी टेकत त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“बेशरम कोनले म्हनस रे? हाऊ रोट मना घरना शे.”

“तुमचा? मंग तुम्हीच—”

“हा, मीच. मना रोट खादा तिनी. ती मनी पोर शे आते. तू कोन लई जानारा?”

काकाने आजूबाजूला उभ्या पोरींकडे बोट फिरवलं. “आन् ह्या? ह्याइनं बी खाल्ला. ह्या बी तुमच्याच?”

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझे तुकडे होते. मग ते एकेका पोरीकडे बघत गेले, शेवटी शबानाशी थांबले आणि मला हळूच म्हणाले, “हाई पन?” मी मान डोलावली. आबांनी डोळे मिटले, कपाळाला हात लावला, आणि डोळे न उघडताच बोलले, “बठ्ठ्या. सोळाच्या सोळा.”

काका पोलिसांत जातो म्हणाला. तेव्हा कुठे नानांना कंठ फुटला. गावोगावच्या कापसाचा त्यांचा व्यवहार आबांसारख्यांच्या शब्दावर चालायचा, हे त्यामागे होतंच, पण नानांनी एक गोष्ट केली जी आमच्यापैकी कोणीच आजवर केली नव्हती. ते खुर्चीतून उठले आणि गुंफाला म्हणाले, “बाई, तुझं काय म्हणणं आहे?” ती म्हणाली, “नाही.” नाना काकाकडे वळले. “मग जा तुम्ही पोलिसांत. मी पण येतो. पोरीला वयाच्या आत कोणाच्या गळ्यात बांधायला निघालात, तेही सांगू तिथे.” काका आणि मेहुणा साडेदहाच्या गाडीने गेले. पुन्हा आले नाहीत. बोचकं तिने बांधलंच नव्हतं.

आबा तिथेच सतरंजीवर बसले, अक्काने त्यांना भाकरी आणि खर्डा वाढला. अर्धी भाकरी संपेपर्यंत ते मला शिव्या देत होते आणि उरलेली अर्धी खाताना अक्काला. मी गुंफाला मागे हौदावर गाठलं. आनंदाने माझे डोळे भरलेले. म्हटलं, “तुला हे सगळं कालच सुचलं होतं? मला सांगायचं नाहीस का? मी मदत केली असती.” ती बादली भरत होती. बादली पूर्ण भरू दिली, नळ बंद केला आणि म्हणाली, “कारड लिवाच्या आधी तुम्ही मले इचारलं व्हतं का?”

त्या एका प्रश्नावर पुढची तीस वर्षं मी नोकरी केली. आधी तिथे, मग जळगावला, मग अशाच दुसऱ्या घरांत. पोरीला विचारल्याशिवाय एकही पत्र टाकलं नाही. वरचे लोक यायचे, फायली उघडायचे, ‘कुटुंबसंपर्क’ हा रकाना रिकामा बघून भुवया चढवायचे. मी म्हणायची, पोरगी नको म्हणाली. ते म्हणायचे, तिचं वय काय, तिला काय कळतं? मी म्हणायची, मला बाविसाव्या वर्षी तिच्यापेक्षा कमी कळत होतं आणि तुम्ही मला पगार देत होतात. मेमो आले, एकदा बदली झाली, एकदा घरी बसवलं. बसले. परत बोलावलं तेव्हा रकाना रिकामाच ठेवला.

आणि आबा. त्यांना वाटलं होतं, एका माणसाचं तोंड बंद करायला आपण एक वाक्य बोललो, आणि संपलं. पण गुंफा वाक्यं विसरणारी नव्हती. अठरा पूर्ण झाल्यावर तिने जळगावात आणखी दोघींबरोबर खोली घेतली, शिलाईचं दुकान टाकलं. दर श्रावणात ती आमच्या गावी यायची, सोबत ज्यांना यायचं त्या. आबा तोंड वाकडं करायचे, चुलत भावजया नाक मुरडायच्या, पण एकदा बोललेलं परत कसं घेणार? पाट मांडले जायचे. शबाना एकदा तिच्या मुलाला घेऊन आली, तेव्हा आबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि मला दरडावलं, “काय पाही राहिनी? वाढ त्याले.”

आबा गेले तेव्हा माझ्या चुलतभावाने, शांतारामने, सगळ्या भाऊबंदांना निरोप धाडले. गुंफाला नाही. तिला माझ्याकडून कळलं. ती दुकानाला कुलूप लावून आली आणि ओसरीवर, जिथे घरच्या बाया बसल्या होत्या, तिथे घोंगडीवर येऊन बसली. शांताराम सगळ्यांदेखत म्हणाला, “तू भेटून जा बाई. तुला काही सुतक नाही. ते रक्ताच्या माणसांना असतं.”

गुंफाने डोकं वर केलं. “रोट खायच्या वेळी आबानं रक्त नव्हतं इचारलं. आता तू इचारू नको.”

शांताराम माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी बोलेन म्हणून. तिचं उत्तर तिने दिलं होतं. मी फक्त थोडी सरकले, तिला नीट मांडी घालता यावी म्हणून. ती दहा दिवस तिथे बसली.